क्रूझरचं हँडल बदलताना : आधी खांदे मोजा, मग वायरी

क्रूझरला नवं हँडल लावायचं ठरलं की बहुतेक जण फोटोपासून सुरुवात करतात. कुणाच्या तरी रॉयल एनफील्ड मीटिओरवर उंच एपहँगर दिसतो, कुणाच्या ॲव्हेंजरला सपाट ड्रॅग बार, आणि रात्रीत ऑर्डर गेलेली असते. पार्सल येतं आणि मग कळतं की क्लच वायर चार बोटं कमी पडतेय, ब्रेकचा होज, म्हणजे ऑइलची नळी, ताणला जातोय, स्विचची खुंटी बसायला भोकच नाही. हे सगळं जमवून आणलं तरी यू-टर्न घेताना बाहेरचा हात मुठीपर्यंत पोचत नाही. फोटोत फक्त पाईप दिसतो, आणि पाईप हा या कामातला बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त भाग असतो. पैसा आणि वेळ जातो तो त्याला लटकलेल्या गोष्टींवर.

म्हणून इथे क्रम उलटा धरलाय. आधी तुमचं अंग, मग मापं, मग वायरी आणि होज, आणि पाईप कुठला घ्यायचा हे त्यानंतर. उदाहरणं मुख्यतः आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्यांची आहेत : बजाज ॲव्हेंजर २२० आणि रॉयल एनफील्डच्या ३५० सीसीच्या गाड्या.

खुपतंय काय, ते आधी ओळखा

जुन्या हँडलशी भांडण नेमकं काय आहे? दिसणं आवडत नाही, एवढंच कारण असलं तरी चालतं. क्रूझर माणूस निम्मी दिसण्यासाठीच घेतो, त्यात लाजायचं काही नाही. पण त्रास होत असेल तर तो कुठे होतो ते बघा. मनगटं दुखत असतील तर दोष हँडलच्या आकारापेक्षा ते क्लँपमध्ये (पाईप मधे धरून ठेवणाऱ्या पकडीत) कुठल्या कोनात फिरवून आवळलंय, यात असण्याची शक्यता जास्त. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे भरून येत असेल तर मुठी फार लांब किंवा फार वर आहेत. कंबर आणि माकडहाड धरत असेल तर फूटपेग पुढे असल्यामुळे सगळं वजन बुडावर येतंय आणि हँडल गाठायला तुम्ही पाठीचा कणा वाकवताय.

यातली पहिली तक्रार फुकटात सुटू शकते. क्लँपचे बोल्ट सैल करा, हँडल अगदी थोडं पुढे किंवा मागे फिरवा, पुन्हा आवळा. मग ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन जुळवा. सीटवर नेहमीसारखं बसून हाताची बोटं सरळ पसरली की कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत रेष साधारण सरळ यायला हवी आणि बोटं लिव्हरवर अलगद पडायला हवीत. शोरूममधून आलेल्या गाडीचे लिव्हर कुणा सरासरी माणसासाठी बसवलेले असतात, आणि तो माणूस तुम्ही नसता. हे करून आठवडाभर गाडी चालवा. बऱ्याच जणांची हँडल बदलायची हौस इथेच निवते.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे रायझर. हँडल तेच, फक्त त्याखालचा ठोकळा बदलून ते इंचभर वर किंवा मागे आणायचं. एवढ्याला बऱ्याचदा जुन्या वायरी पुरतात, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय ते गृहीत धरू नका. रायझरसोबत येणारे बोल्ट नीट बघा. ठोकळा उंच झाला तर बोल्टही तेवढेच लांब हवेत. ॲल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे. दोन-चार आट्यांवर टेकलेला बोल्ट खड्ड्यात दगा देतो.

मुठी कुठे हव्यात?

अजूनही बदलायचंच असेल तर टेप, दोरी आणि एक मित्र घ्या. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून मित्राला मागून धरायला सांगा. नेहमीच्या जागी बसा, पाय फूटपेगवर, डोळे मिटा. खांदे सैल सोडून हात पुढे आणा आणि जिथे ते आपोआप थांबतील तिथे मुठी वळा. कोपरात थोडा बाक राहिला पाहिजे. आता डोळे उघडून बघा : वळलेल्या मुठी आणि गाडीच्या मुठी यांत अंतर किती आहे? किती वर, किती मागे, किती आत किंवा बाहेर? हे तीन आकडे लिहून ठेवा. पुढची सगळी खरेदी त्यांच्यावर होते.

त्याहून पुढे जायचं असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा पांढरा कंड्युट पाईप, दोन-चार एल्बो आणि चिकटपट्टी आणा. मनातल्या हँडलचा नमुना बनवा आणि खऱ्या हँडलच्या जागी बांधून बघा. शे-दोनशे रुपयांचा खेळ आहे, पण पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर काय होतं ते घरबसल्या कळतं. हँडलचं टोक टाकीला लागतं का, गुडघ्यात येतं का, बाहेरचा हात ताणला जातो का? उंची कमी असेल तर ही परीक्षा टाळूच नका, कारण रुंद हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरची मूठ फार लांब जाते आणि नेमकं तेव्हाच गाडी सगळ्यात सावकाश, म्हणजे सगळ्यात पडाऊ असते.

आणखी एक माप गाडीबाहेरचं. सोसायटीचं फाटक, वाड्याचा बोळ, पार्किंगमधल्या शेजारच्या गाडीचा आरसा. सरळ आणि रुंद हँडल घ्यायच्या आधी रोज रात्री गाडी जिथून आत न्यायची आहे तिथली रुंदी टेपने मोजा.

पाईपाची मापं

पहिलं माप व्यासाचं, तेही व्हर्नियर कॅलिपरने आणि दोन ठिकाणी : मधे क्लँपमध्ये आणि टोकाला ग्रिपखाली. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा पाईप ७/८ इंचाचा, म्हणजे २२.२ मिलिमीटरचा असतो. दुकानात त्याला २२ एमएमच म्हणतात. हार्ले आणि बऱ्याच मोठ्या जपानी क्रूझरना एक इंची, २५.४ मिलिमीटरचा लागतो. फॅट बार म्हणून विकले जाणारे काही पाईप मधे २८.६ आणि टोकाला २२ चे असतात. म्हणजे ग्रिप, लिव्हर, स्विच सगळं जुनंच चालेल, पण क्लँप नवे लागतील. हार्लेसाठीचे काही जाड एपहँगर अंगाने सव्वा इंची असले तरी क्लँपच्या जागी आणि टोकांना एक इंचीच असतात. वर्णनातला मोठा आकडा वाचून फसू नका, क्लँपच्या जागचा व्यास विचारा.

एक इंची पाईप २२ च्या क्लँपमध्ये बसणार नाही, तो विषयच संपला. उलट प्रकारात, मोठ्या क्लँपमध्ये २२ चा पाईप घालताना त्यासाठीच बनवलेली स्लीव्ह वापरा. पत्र्याची पट्टी गुंडाळून आवळलेलं हँडल एखाद्या दिवशी ब्रेक मारताना हातातच फिरतं.

मग तीन मापं आकाराची. उंची, म्हणजे क्लँपपासून टोक किती वर. रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पुलबॅक, म्हणजे टोकं क्लँपच्या रेषेपासून किती मागे येतात. यातली उंची सगळे विक्रेते एकसारखी मोजत नाहीत. कुणी पाईपाच्या तळापासून टोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजतो, कुणी मध्यापासून मध्यापर्यंत, आणि त्यात जवळपास इंचाचा फरक पडतो. विचारून घ्या.

दोन मापं कुणी सांगत नाही, पण अडतं त्यांच्यावरच. मधला सरळ भाग तुमच्या दोन क्लँपच्या बाहेरच्या कडांपेक्षा लांब हवा आणि पाईपावरची खरखरीत पट्टी बरोबर क्लँपखाली यायला हवी. वाक जर क्लँपच्या आतच सुरू होत असेल तर ते हँडल तुमच्या गाडीचं नाही. दुसरं, टोकाचा सरळ भाग. त्यावर ग्रिप, स्विचचा डबा आणि लिव्हरचा क्लँप हे सगळं ओळीने बसायचं असतं. जुन्या हँडलवर या तिघांची एकत्र लांबी मोजा. दिसायला देखण्या कितीतरी हँडलांचा सरळ भाग इतका आखूड असतो की लिव्हर वाकावर चढवावा लागतो आणि तो कधीच नीट आवळला जात नाही.

कुठला आकार घ्यावा?

एकाच गाडीला दोन हँडलं कशी वागतात ते बघायचं असेल तर ॲव्हेंजर बघा. २०१५ साली बजाजने ती नव्याने आणली तेव्हा २२० सीसीचं तेच इंजिन दोन रूपांत दिलं. क्रूझला उंच, मागे वळलेलं हँडल; स्ट्रीटला खुजं, सपाट हँडल. शक्य असेल तर दोन्ही एकामागोमाग चालवून बघा. नवख्याला यापेक्षा चांगला धडा नाही. क्रूझवर माणूस मागे रेलून बसतो, हात सैल राहतात, पण वारा छातीवर येतो. स्ट्रीटवर थोडं पुढे झुकावं लागतं, पुढच्या चाकावर वजन येतं आणि गर्दीत गाडी चटकन वळते.

एपहँगर सगळ्यांना हवा असतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या मोटोव्हर्स या आपल्याच मेळाव्यात रॉयल एनफील्डने गोअन क्लासिक ३५० आणली ती छोटा एपहँगर कंपनीतूनच लावून. तेव्हापासून मागणी आणखी वाढली. त्या गाडीकडे नीट बघा, कारण कंपनीने स्वतःला कुठे थांबवलंय ते त्यात दिसतं. मुठी उंच आहेत, पण चालवणाऱ्याच्या खांद्याच्या वर गेलेल्या नाहीत. तीच मर्यादा तुम्हीही पाळा. बसल्यावर मूठ खांद्याच्या रेषेच्या वर जाता कामा नये. त्यापेक्षा उंच हँडल म्हणजे एसटीत उभ्याने वरची दांडी धरून पुणे-कोल्हापूर करणं : वीसेक मिनिटांत हातातलं रक्त उतरतं, बोटं बधिर होतात, आणि त्या बोटांनीच ब्रेक दाबायचा असतो.

उंचीचे आणखी दोन परिणाम आहेत. माणूस मागे बसतो, पुढच्या चाकावरचं वजन घटतं आणि महामार्गाच्या वेगात पुढचं टोक हलकं वाटायला लागतं. शिवाय काही गाड्यांत रायझरखाली कंप शोषणारे रबरी बुश असतात. मूळ हँडलला ते बरोबर पुरतात, पण लांब पाईपाने तरफ वाढते आणि हँडल डुलायला लागतं. तेव्हा घट्ट बुश घालावे लागतात आणि मग इंजिनाचा कंप थेट तळव्यात येतो. ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडरवर हा सौदा विचार करूनच करा. दुचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी असल्यामुळे लोणावळ्याला जायचं तर जुन्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटातून, ट्रकांच्या मधूनच जावं लागतं. ज्याच्या वाट्याला असले रस्ते नेहमीचे आहेत त्याने आठ-दहा इंचांच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे.

मागे वळलेला बीच बार किंवा पुलबॅक बुटक्या माणसाला आणि कंबरदुखीवाल्याला खरोखर मानवतो. मुठी आपणहून जवळ येतात. त्याची खोड एकच : पूर्ण वळवल्यावर आतलं टोक मांडीत किंवा टाकीवर येतं. कंड्युटचा नमुना बनवायला सांगितला तो मुख्यतः याच्यासाठी.

ड्रॅग बार दिसतो झकास. फूटपेग मधे असतील तर चालवायलाही छान. पण पेग पुढे आणि हँडलही पुढे असेल तर शरीराचा धनुष्यबाण होतो आणि पन्नास किलोमीटरनंतर ते लक्षात येतं. झी-बार आणि टी-बार हे मुख्यतः कार्यशाळेत बनलेल्या, मूळ आकार पूर्ण बदललेल्या गाड्यांचे आकार आहेत. पहिल्याच बदलाला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

वायरी, होज आणि वायरिंग

इथे घाई केली की सगळं काम पुन्हा करावं लागतं.

किती लांबी वाढेल ते काढायची सोपी रीत आहे. जुन्या हँडलच्या मध्यापासून टोकापर्यंत पाईपाला चिकटवून दोरी धरा आणि खूण करा. नव्या हँडलवर तेच करा. दोन खुणांमधला फरक, अधिक रायझरची वाढलेली उंची, एवढी वाढ क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर आणि ब्रेकच्या होजला लागेल. नवं हँडल अजून हातात नसेल तर नमुन्यावर मोजा. फरक दोन-तीन सेंटिमीटरचा असेल तर वायरींची वाट थोडी बदलून, एखादा क्लिप सोडवून भागू शकतं. त्याच्या वर नव्या वायरी घ्याच.

वायर कुठून आणायची? एकाच घराण्यातल्या गाड्यांचा पार्ट कॅटलॉग आधी चाळा. ॲव्हेंजर स्ट्रीटवाल्याने क्रूझच्या क्लच वायरचा पार्ट नंबर बघावा. रॉयल एनफील्डच्या मीटिओर, नवी क्लासिक, हंटर, नवी बुलेट आणि गोअन क्लासिक एकाच जे-सीरिज इंजिनावर उभ्या आहेत; त्यातल्या कमी उंच हँडलच्या गाडीला जास्त उंच हँडलवालीच्या वायरीचा नंबर वेगळा आहे का ते सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर विचारावं. नंबर वेगळा असेल तर लांबी ताडून बघा. जुळली तर कंपनीचीच तयार वायर मिळते आणि निम्मी कटकट मिटते. तशी मिळाली नाही तर माप देऊन बनवून घ्या. पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेत या गोष्टी करून देणारे आहेत. जुनी वायर मधेच जोडून लांब करून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. जोडलेली क्लच वायर गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर, सिग्नलला तुटते.

ब्रेकच्या होजबाबत तर तडजोड नाहीच. होज ताणून पुरवू नये. तो पूर्ण वळणावर बँजोच्या (होजच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) सांध्याशी मुडपतो आणि हळूहळू तडकतो. लांब होज घेताना बँजोचा कोनही जुन्यासारखाच घ्या. बसवताना दोन्ही बाजूंचे ताम्याचे वॉशर नवे घाला. जुने एकदा दबलेले असतात आणि पाझरतात. ऑइल कुठलं ते रिझर्व्हॉयरच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, आपल्या गाड्यांवर बहुधा डॉट ४. ते रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून टाकीवर आधी जुनी चादर जाड घडी करून टाका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. अशा गाडीत होज उघडला की मॉड्युलेटरमध्ये हवा शिरू शकते आणि काही गाड्यांत ती नुसत्या लिव्हर दाबण्याने निघत नाही, स्कॅनर लावून एबीएसचा पंप चालवावा लागतो. हे एक काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा तसं यंत्र असलेल्या गॅरेजमध्येच करा. बाकी सगळं घरी जमलं तरी हे नको.

मास्टर सिलिंडरची, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरपाशी असलेल्या पंपाची, एक गोष्ट हमखास निसटते. हँडलचं टोक खाली झुकलेलं किंवा मागे वळलेलं असेल तर त्यावरची ऑइलची कुपी कलते. फार कलली आणि ऑइलची पातळी थोडी उतरली की आतलं छिद्र उघडं पडून हवा ओढली जाते. नवं हँडल निवडतानाच विचार करा : हँडल सरळ असताना कुपी साधारण सपाट राहील का?

वायरिंगचं सांगायचं तर आधी हेडलाइटच्या मागे किती शिल्लक लांबी दडलेली आहे ते उघडून बघा. बऱ्याचदा पुरेशी निघते. वाढवायचीच असेल तर दोन्ही टोकांना मूळ कनेक्टर असलेली एक्स्टेंशन घ्या म्हणजे कंपनीचा हार्नेस (तारांचा जुडगा) कापावा लागणार नाही. कापलेला हार्नेस दिसला की इलेक्ट्रिकल वॉरंटीचा दावा अडकतो. कापणं अटळ असेल तर त्याच जाडीची तार, सोल्डर आणि हीट-श्रिंक वापरा आणि सगळे सांधे एकाच जागी न येता पुढेमागे येतील असे करा. नुसत्या पीळ मारून टेप गुंडाळलेल्या सांध्यात आपल्या पावसाळ्यात पाणी शिरणारच, आणि मग ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो.

वायरी पाईपाच्या आतून नेण्याची फॅशन आहे. दिसतं सुबक, पण त्यासाठी भोकं कारखान्यातूनच पाडलेला, कडा घासलेला पाईप घ्या. वाकाजवळ किंवा क्लँपजवळ घरी ड्रिल मारून मोठं भोक पाडलं तर पाईप तिथूनच तडकतो. स्विचच्या खुंटीसाठीचं बारीक भोक ही वेगळी गोष्ट आहे. ते मुठीच्या सरळ भागात असतं, मूळ हँडललाही असतंच. मात्र स्विचचा कोन चालवून पक्का झाल्यावरच ते पाडा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणीपत्रात इंजिन, चासी, रंग, व्हीलबेस असे रकाने असतात, हँडलचा नसतो. त्यामुळे साधं हँडल बदललेल्याला सहसा कुणी अडवत नाही. पण ‘सहसा’ या शब्दावर किती भार टाकायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतलं हँडल असेल आणि त्याचं बिल जवळ असेल तर बोलायला आधार राहतो. आरसे मात्र नियमाने लागतातच. नव्या हँडलवर खांदा न दिसता मागचा रस्ता दिसेल असे ते बसतात का, हे आधीच बघा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

घेताना

गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे मनासारखा पाईप वाकवून मिळतो, आणि मोहही होतो. पाण्याच्या नळाचा किंवा फर्निचरचा पाईप हँडलला चालत नाही. वाकावर बोट फिरवा : पाईप चपटा झालाय का, आतल्या बाजूला सुरकुत्या आहेत का? वेल्डिंग करून जोडलेलं हँडल असेल तर मी घेणार नाही, फार तर ज्याच्या कामावर वर्षानुवर्षं गाड्या चालताना पाहिल्या आहेत अशा माणसाकडून. क्रोम चकचकीत आहे म्हणजे आतला पोलाद चांगला, असं काही नाही. वजन हातात तोलून बघा, पाईपाच्या उघड्या टोकातून भिंतीची जाडी बघा. ही जाडी आणखी एका कारणासाठी लागते : बार-एंडची वजनं आणि टोकाचे आरसे आतल्या व्यासावर बसतात. स्टीलच्या पाईपातून काढलेलं वजन जाड भिंतीच्या ॲल्युमिनियम पाईपात शिरत नाही.

बसवताना

सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा. सुरुवातीला हँडलभोवतीचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा, विशेषतः कुठली वायर कशाच्या मागून जाते त्याचे. मग आरसे, बार-एंड, ग्रिप, स्विच, लिव्हर या क्रमाने उतरवा. मास्टर सिलिंडर होजवर लोंबकळू देऊ नका. त्याला सुतळीने सरळ, झाकण वर राहील असं बांधून ठेवा.

नवं हँडल क्लँपमध्ये ठेवून बोल्ट हाताने फिरण्याइतकेच आवळा. गाडीवर बसा, फिरवा, पुन्हा बसा. काही हँडलांवर ठिपका असतो, तो क्लँपच्या फटीशी जुळवायचा. काही क्लँपवर पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. फट पुढेमागे सारखी ठेवायची की आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे हे गाडीगणिक बदलतं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते दिलेलं असतं. आकडाही तिथलाच घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. पान्याला पाईप लावून जोर काढला की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग वरचा योकच (हँडल ज्यावर बसतं तो भाग) बदलावा लागतो.

सगळं जोडून झालं की तपासणी सुरू होते. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. कुठलीही वायर ताणली जाऊ नये, स्टिअरिंगच्या स्टॉपरमध्ये चिमटू नये, अंगठा टाकी आणि मुठीच्या मधे सापडू नये. दोन्ही टोकांना क्लचची मोकळीक तेवढीच राहिली पाहिजे. ॲक्सिलरेटर पिळून सोडला की तो स्वतःहून टकन मागे यायला हवा. मग मोकळ्या हवेत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि पुन्हा हँडल दोन्हीकडे वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटर वायर ताणली जातेय. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, कारण यू-टर्नमध्ये ती आपोआप पळेल. ब्रेकचा लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. तो सावकाश मुठीकडे सरकत गेला किंवा स्पंजासारखा लागला तर कुठेतरी पाझर किंवा हवा आहे. शेवटी हॉर्न, इंडिकेटर, डिपर, किल स्विच आणि पुढच्या ब्रेकने लागणारा मागचा दिवा.

पहिली चक्कर घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, हळू. आठचे आकडे काढा, दोन-तीनदा कचकन ब्रेक मारून बघा हँडल क्लँपमध्ये फिरतं का. शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

उतरवलेलं हँडल, जुन्या वायरी आणि होज भंगारात घालू नका. वायरींना तेल लावून, होजची तोंडं बंद करून, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधून एका पिशवीत ठेवा. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना, गाडी विकताना, किंवा नव्या हँडलची हौस फिटली की ती पिशवी लागते.